बक्षीस ज्याने जाहीर केलं, देणं त्याचंच

एप्रिल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात अर्ल स्ट्रिकलंडने नाईन-बॉल पूलच्या (बिलियर्ड्ससारख्या टेबलावर क्यू नावाच्या काठीने खेळायच्या खेळाच्या) एका व्यावसायिक स्पर्धेत सलग दहा रॅक, म्हणजे दहा डाव, प्रतिस्पर्ध्याला पाळी न देता मारले. दहा रॅक मारणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळतील, असं त्या स्पर्धेत आधीच जाहीर झालेलं होतं. सी. जे. वायली या खेळाडूने पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या प्रोफेशनल क्यूस्पोर्ट्स असोसिएशन या नव्या संघटनेची ती पहिलीच स्पर्धा होती आणि तिचा सगळा गाजावाजा याच रकमेवर चालला होता. पराक्रम भर स्पर्धेत, साक्षीदारांसमोर झाला. तरी पैसे मिळाले नाहीत. बक्षिसाचा भार ज्या विमा कंपनीवर टाकला होता तिने द्यायला नकार दिला, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं आणि अखेर कोर्टाबाहेर तडजोड झाली. तडजोडीची रक्कम जाहीर झाली नाही.

या प्रकरणाकडे बहुतेक जण 'विमा कंपनी विरुद्ध खेळाडू' असं पाहतात. मला ती मांडणीच मुळात चुकीची वाटते. विमा कंपनीने स्ट्रिकलंडला काहीही कबूल केलं नव्हतं. तिचा करार होता आयोजकांशी. खेळाडूला शब्द दिला होता तो आयोजकांनी. मग पराक्रम झाल्यावर खेळाडूने विमा कंपनीच्या दारात का उभं राहायचं? हप्ता भरला का, पॉलिसी कधी लागू झाली, कुठल्या कागदावर कोणाची सही राहिली, हे प्रश्न क्यू हातात घेऊन टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाहीत. बक्षीस ज्याने जाहीर केलं, ते देणं त्याचंच. त्याने आपला धोका दुसऱ्याकडे सोपवला असेल तर तो त्या दोघांतला व्यवहार. त्यात काही बिनसलं तर त्याची झळ आयोजकाला लागावी, खेळाडूला नाही.

आधी हा पराक्रम काय आहे ते समजून घ्यायला हवं, कारण त्याच्या दुर्मीळपणावरच सगळा धंदा उभा आहे. नाईन-बॉलचं व्यावसायिक टेबल नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. एक ते नऊ नंबरचे बॉल शंकरपाळ्याच्या आकारात मांडतात, एक नंबर टोकाला आणि नऊ नंबर मधोमध. ब्रेक मारला की बॉल टेबलभर फुटतात. त्या वेळी किमान एक बॉल पॉकेटमध्ये पडला पाहिजे आणि पांढरा बॉल पडता कामा नये. नाहीतर पाळी गेली. त्यानंतर प्रत्येक शॉटला टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी स्पर्श करायचा, असं करत नऊ नंबर घालवला की तो रॅक आपला. जिंकणाराच पुढचा ब्रेक मारणार असा नियम असेल तर प्रतिस्पर्धी नुसता खुर्चीत बसून राहतो. त्याची पाळी येतच नाही.

ब्रेक हाच यातला खरा जुगाराचा भाग. बाकीचे शॉट हात, नजर आणि डोकं यांच्या जोरावर मारता येतात, पण ब्रेकला जगातला सर्वोत्तम खेळाडूही काही प्रमाणात नशिबावर असतो. बॉल पडला, पण एक नंबर तीन नंबरच्या मागे लपला, तर पुढचं सगळं अडलं. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध थांबण्याऐवजी जरा जास्त पळाला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये गेला, तर तेही संपलं. हे असं दहा वेळा लागोपाठ निभावायचं. ब्रेकवर पडणारे धरून नव्वदच्या घरात बॉल, आणि चूक एकही नाही.

आता हिशेब करू. एखादा खेळाडू सरासरी दर चार रॅकमध्ये एक रॅक ब्रेकपासून शेवटपर्यंत साफ करतो असं धरलं, तर सलग दहा साफ करण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक निघते. तोच खेळाडू शंभरात पस्तीस रॅक साफ करतो असं धरलं, तर ती एकदम ३६,००० मध्ये एकच्या आसपास येते. स्पर्धेत असा प्रयत्न सुरू व्हायच्या पाचशे संधी मिळतात असं मानलं, तर पहिल्या हिशेबाने दहा लाखांच्या बक्षिसाचा अपेक्षित बोजा पाचशे डॉलरच्याही आत राहतो आणि दुसऱ्या हिशेबाने तो चौदा हजारांच्या जवळ जातो. पंचवीसच्या जागी पस्तीस, एवढाच फरक. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेले आहेत, पण त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. अशा विम्याचा दर ठरवणाऱ्याला खेळ आतून माहीत नसेल तर तो सहज फसतो. टेबलावरचं कापड नवं असेल, रॅक घट्ट लागत असेल, एखाद्याला ब्रेक मारायची नेमकी जागा सापडली असेल, तर पंचविसाचे पस्तीस व्हायला एक संध्याकाळ पुरते. आणि अर्ल स्ट्रिकलंड हा काही सरासरी खेळाडू नव्हता. १९९० आणि १९९१ ची जागतिक नाईन-बॉल विजेतीपदं तेव्हाच त्याच्या नावावर होती, आणि यूएस ओपन नाईन-बॉल स्पर्धा तो तोवर तीनदा जिंकला होता. पुढे आणखी दोनदा जिंकला. असा माणूस भाग घेणार हे दर ठरवणाऱ्याने आधीच गृहीत धरायला हवं होतं.

अशा बक्षिसाचा व्यवहार कसा चालतो तेही पाहा. आयोजकाच्या खिशात दहा लाख डॉलर नसतात. तो काही हजार डॉलर हप्ता भरून विमा उतरवतो आणि फलकावर मात्र दहा लाख लिहितो. फलक लागल्या दिवसापासून त्या आकड्याचं काम सुरू होतं. वर्तमानपत्रात बातमी येते, प्रायोजक फोन उचलतात, तिकिटं जातात, लांबलांबचे खेळाडू प्रवेश फी भरून आणि प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करून येतात. हा सगळा फायदा आयोजकाला पराक्रम होवो न होवो, आधीच मिळालेला असतो. दहा लाखांचं नाव वापरून त्याने जे मिळवायचं ते मिळवून झालं. म्हणून पराक्रम घडल्यावर 'पैसे आमचे नव्हतेच, विमा कंपनीला विचारा' असं म्हणायचा हक्क त्याच्याकडे उरत नाही. फलकावर विमा कंपनीचं नाव नव्हतं.

डॅलसच्या तीन वर्षं आधी याच देशात याच पेचाचा उलट निकाल लागला होता. १४ एप्रिल १९९३ ला शिकागो बुल्सच्या बास्केटबॉल सामन्यादरम्यान प्रेक्षकांतल्या एका तरुणाला मैदानात बोलावलं. ऑफिसचं सामान विकणाऱ्या दुकानात तो नोकरीला होता. कोर्टच्या दुसऱ्या टोकाजवळून, सुमारे ऐंशी फुटांवरून, बास्केट केली तर दहा लाख डॉलर, अशी ती योजना होती. त्याने फेकलेला बॉल थेट जाळीत गेला. नंतर विमा कंपनीने नकार दिला, कारण स्पर्धकाने आधीच्या काही वर्षांत संघटित बास्केटबॉल खेळलेलं नसावं अशी अट होती आणि हा तरुण कॉलेजात थोडंफार खेळला होता. कागदावर पाहिलं तर कंपनीचा मुद्दा डॅलसपेक्षाही भक्कम म्हणावा लागेल. पण बुल्स आणि त्यांचे प्रायोजक पुढे आले आणि पैसे आम्ही देऊ म्हणाले, वर्षाला ५०,००० डॉलर, वीस वर्षं. देणाऱ्यांना ते परवडत होतं हे खरं आहे. तरीही त्यांनी शब्द कोणाचा होता हे ओळखलं, आणि मला त्या निर्णयात न्याय दिसतो.

त्या वर्षाला पन्नास हजारांवरही क्षणभर थांबायला हवं. वीस वर्षांनी पूर्ण होणारे दहा लाख म्हणजे आज हातात येणारे दहा लाख नव्हेत. सात टक्के दर धरला तर त्या हप्त्यांची आजची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास भरते. अमेरिकेतल्या मोठ्या बक्षिसांत ही पद्धत सर्रास चालते आणि तिला बेकायदा म्हणता येत नाही. पण फलकावर ठळक अक्षरांत दहा लाख लिहून हप्त्यांची गोष्ट मुंगीच्या अक्षरांत छापणं हा अप्रामाणिकपणा आहे. खेळाडू उमेदीची पंधरा-वीस वर्षं खेळतो. त्याला घर, उपचार, मुलांचं शिक्षण यांसाठी पैसा आज लागतो.

कायद्याची बाजू पाहिली तर ती पुष्कळशी खेळाडूच्या बाजूने झुकते, आणि आपल्याकडेही तेच आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या आठव्या कलमात म्हटलं आहे की प्रस्तावातल्या अटी पार पाडणं म्हणजेच प्रस्ताव स्वीकारणं. वेगळी सही लागत नाही, 'मला मान्य आहे' असं कळवावं लागत नाही. त्यानंतर वीस वर्षांनी इंग्लंडमध्ये कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीचा सुप्रसिद्ध खटला झाला. आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, अशी कंपनीची जाहिरात होती. लुइझा कार्लिल यांनी ते वापरलं, तरी त्यांना आजार झाला आणि त्यांनी पैसे मागितले. ही नुसती जाहिरातबाजी होती, कोणी मनावर घ्यायचं नसतं, असा कंपनीचा बचाव होता. ही पैज ठरते किंवा विमा ठरतो, असेही मुद्दे काढून पाहिले गेले. अपील कोर्टाने सगळे फेटाळले. कंपनीने जाहिरातीतच लिहिलं होतं की आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत. कोर्टाने तेच वाक्य तिच्या विरोधात धरलं. पैसे बाजूला काढून ठेवलेत असं जगाला सांगता, मग नंतर गंमत होती असं कसं म्हणता?

खुद्द अमेरिकेत, डॅलसच्या काही वर्षं आधी, पेन्सिल्व्हेनियातला एक खटला याहून जवळचा आहे. मे १९८७ मध्ये एक गोल्फपटू स्पर्धा खेळताना नवव्या टीवर, म्हणजे नवव्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, आला. तिथे एक नवीकोरी शेव्हरले गाडी उभी होती आणि पाटी होती, एका फटक्यात होल मारा आणि ही गाडी न्या. त्याने मारला. गाडीचा विक्रेता म्हणाला, ती पाटी दोन दिवसांपूर्वीच्या एका धर्मादाय स्पर्धेसाठी लावली होती, काढायची राहून गेली. १९८९ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला की गाडी द्यावी लागेल. पाटी वाचणाऱ्याला तुमच्या मनातलं कसं कळणार? त्याने जे वाचलं त्यावर विसंबून फटका मारला आणि अट पूर्ण केली. पाटी लावणाऱ्याचा आतला घोळ खेळाडूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व इथे इतकं स्वच्छ सांगितलेलं आहे की पूलच्या बक्षिसाला ते का लागू होऊ नये, मला समजत नाही.

मुंबई-ठाण्यात दहीहंडीच्या आधी चौकाचौकांत फलक लागतात. नऊ थर लावणाऱ्या पथकाला इतके लाख, विक्रम करणाऱ्याला तितके. पथकातली पोरं गुरुपौर्णिमेपासून रात्री उशिरापर्यंत सराव करतात, दिवसा नोकरी करतात, पडतात, हात मोडून घेतात. थर लागल्यावर रकमेचा चेक किती दिवसांत मिळणार, तो कोणाच्या खात्यातून येणार, पंच कोण, थर उतरताना कोसळले तर धरायचे की नाही, हे त्या फलकावर कधीच नसतं. आठवं कलम या पथकांच्याही बाजूने उभं आहे. पण खटला लढवायला लागणारी वर्षं आणि वकिलाची फी कुठल्या पथकाकडे असते? म्हणून कायदा बाजूने असणं पुरेसं ठरत नाही. पैशांची व्यवस्था फलक लागायच्या आधी झालेली असली पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की विमा कंपनी पैसे अडवते तेव्हा ती दर वेळी लबाडच असते असं नाही. खरं आहे. लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण समोर आहे. टूर द फ्रान्स सायकल शर्यत तो सहाव्यांदा जिंकला तेव्हाच्या बोनसची जबाबदारी डॅलसच्याच एससीए प्रमोशन्स या कंपनीने घेतली होती. उत्तेजक घेतल्याच्या संशयावरून तिने ५० लाख डॉलर अडवले. लवाद बसला, आणि २००६ मध्ये कंपनीला व्याज-खर्चासह ७५ लाख देऊन प्रकरण मिटवावं लागलं. पुढे २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूरची सगळी विजेतीपदं काढून घेतली गेली, तेव्हा कंपनीचा संशय बरोबर होता हे जगाला कळलं. २०१५ मध्ये लवादाने आर्मस्ट्राँगला आणि त्याच्या संघाच्या कंपनीला एक कोटी डॉलर भरायला सांगितले. मला यातून उलटाच धडा दिसतो. आधी पैसे दिले गेले, नंतर फसवणूक सिद्ध झाली, आणि सिद्ध झाल्यावर वसुलीचा मार्ग उघडा होता. फसवणुकीचा आरोप असेल तर तो करणाऱ्याने सिद्ध करावा. पण डॅलसला स्ट्रिकलंडने काही गैर केलं असं कोणी म्हणत नव्हतं. बॉल पडले होते. जिथे पराक्रमावर शंकाच नाही, तिथे पैसे अडवून ठेवायला कुठला आधार उरतो?

दुसरा आक्षेप पूलवर प्रेम करणारी माणसंच घेतात, म्हणून तो मला जास्त टोचतो. ते म्हणतात, आयोजकालाच जबाबदार धरलंत तर कोणी आयोजक पुढे येणार नाही. या खेळात पैसा नाही. टेनिस-गोल्फसारखे प्रायोजक नाहीत. वायलीसारखा एखादा खेळाडू स्वतःची पदरमोड करून संघटना काढतो, लोकांचं लक्ष वेधायला एक मोठा आकडा लावतो, आणि तुम्ही त्याच्याच मानेवर सुरी ठेवता. या म्हणण्यात तथ्य आहे. अशा माणसांमुळेच खेळ जिवंत राहतो हे मी मनापासून मानतो. पण खेळाला पैसा नाही याचं ओझं शेवटी कोणावर पडलं ते पाहा. पडलं त्या एका माणसावर, ज्याने मागितलेलं काम करून दाखवलं.

आणि मोठ्या आकड्यांनी पूल तगतो हेही खरं नाही. इतिहास उलटंच सांगतो. २००५ मध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींतून पैसा कमावलेल्या केविन ट्रुडोने इंटरनॅशनल पूल टूर नावाचा मोठा डोलारा उभा केला. २००६ मध्ये रीनो शहरातल्या त्याच्या स्पर्धेत फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला, आणि पहिलं बक्षीस होतं ५ लाख डॉलर, पूलमध्ये तोवर न ऐकलेलं. स्पर्धा संपली आणि खेळाडूंना कळलं की पैसे तयार नाहीत. पुढे ते तुकड्यातुकड्यांनी दिले गेले, आणि टूरचा डोलाराही बसला. इथे दुर्मीळ पराक्रमाचा किंवा विम्याचा प्रश्नच नव्हता, साधं बक्षीस होतं. रोग मात्र तोच. आधी आकडा लावायचा, पैशांची सोय नंतर बघायची. अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुढचा प्रायोजक दोन पावलं मागे सरकतो आणि खेळाडूंचा विश्वास उडतो. छोटं बक्षीस जाहीर करून ते त्याच रात्री हातात देणारा आयोजक या खेळाचं जास्त भलं करतो.

स्नूकरने हाच प्रश्न बऱ्यापैकी शहाणपणाने सोडवला. तिथे एकाच पाळीत जास्तीत जास्त, म्हणजे १४७ गुण करणं हा आपल्या दहा रॅकचा भाऊ. १९९७ च्या जागतिक स्पर्धेत रॉनी ओ'सलिव्हनने सव्वापाच मिनिटांत १४७ केले, त्याला १,४७,००० पौंड मिळाले. काळ बदलला, खेळाडू तयार झाले, १४७ वारंवार होऊ लागले आणि असल्या बक्षिसाचा बोजा परवडेनासा झाला. २०१० मध्ये ग्लासगोच्या स्पर्धेत ओ'सलिव्हनने डाव मध्येच थांबवून पंचांना विचारलं, १४७ ला काय बक्षीस आहे? वेगळं काहीच नव्हतं. शेवटचा काळा बॉल मारायला त्याला पंचांनी राजी केलं. लोकांनी त्याला हावरा म्हटलं. मला त्यात एक रास्त प्रश्न दिसतो. जे काम शंभर वर्षांत मोजक्या लोकांना जमलं, त्याची किंमत काय लावली आहे, हे विचारायचा हक्क ते करणाऱ्याला असायलाच हवा. पुढे स्नूकरने वाढत जाणारं बक्षीस आणलं. एका स्पर्धेत कोणी १४७ केले नाहीत तर रक्कम पुढच्या स्पर्धेत जमा व्हायची. २०१६ मध्ये वेल्श ओपनला ती १०,००० पौंड होती, आणि ओ'सलिव्हनने ती कमी म्हणून मुद्दाम काळ्याऐवजी कमी गुणांचा गुलाबी बॉल घेऊन १४६ वर डाव संपवला. त्यावर टीका झाली, व्हायलाही हवी होती, प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असतं. पण वाद रक्कम कमी की जास्त यावर झाला. पैसे खरोखर आहेत का, अशी शंका कोणाच्या मनात आली नाही. पूलला नेमकी ही पातळी गाठायची आहे.

हे प्रत्यक्षात आणणं अवघड नाही, इच्छा हवी. जागतिक पूल संघटना असो की राष्ट्रीय, स्पर्धेला मान्यता देताना तिने खास बक्षिसाची रक्कम किंवा लागू झालेली पॉलिसी आधी पाहावी, आणि हप्ता भरल्याची पावती हातात आल्याशिवाय फलक लावू देऊ नये. प्रवेशपत्रावर स्पष्ट शब्दांत लिहावं की बक्षीस देण्याची जबाबदारी आयोजकाची आहे, विमा त्याने उतरवला असो वा नसो. रक्कम एकदम मिळणार की वीस वर्षांत, ते आकड्याच्याच टाइपात छापावं. कशाला रॅक साफ केला म्हणायचं हेही आधीच ठरवावं. ब्रेकवरच नऊ नंबर पडला तर तो रॅक धरायचा का? तीन नंबरला मारून त्याच्या धक्क्याने नऊ घालवला तर? प्रतिस्पर्ध्याने डाव सोडून दिला तर? हे प्रश्न पराक्रम झाल्यानंतर निघाले की प्रत्येक उत्तरामागे कोणाचा तरी दहा लाखांचा स्वार्थ असतो. आदल्या दिवशी तेच प्रश्न दहा मिनिटांत सुटतात. आणि वाद झालाच, तर पंचांनी पराक्रम मान्य केल्यावर खेळाडूला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळावेत. मग आयोजक आणि विमा कंपनी यांनी आपसात हवं तितकं भांडावं.

एवढी बंधनं घातली तर दहा लाखांची बक्षिसं कमी होतील, हे मला दिसतं. होऊ देत. वीस हजारांचं बक्षीस आणि ते बँकेत ठेवल्याचा कागद, एवढ्यावरही चांगले खेळाडू येतील, कारण त्यांना घराचे हप्ते भरायचे असतात आणि त्यांना आकड्यांचा अनुभव आहे.

डॅलसच्या तडजोडीबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, ती म्हणजे तिची गुप्तता. तडजोड करायचा स्ट्रिकलंडला पूर्ण अधिकार होता आणि त्याने ती केली याबद्दल कोणी बोट दाखवू नये. वर्षानुवर्षं कोर्टात झिजण्यापेक्षा हातात येईल ते घेणं हा शहाणपणाही असेल. २००२ मध्ये कार्डिफला तो पुन्हा जागतिक विजेता झाला, खेळ त्याने सोडला नाही. पण गुप्त तडजोडीमुळे पुढच्या खेळाडूचं नुकसान होतं. दहा रॅकच्या बदल्यात शेवटी किती मिळालं, दहा लाखांपैकी नऊ की दोन, हे उघड झालं असतं तर त्यानंतरचा प्रत्येक खेळाडू फलकाकडे डोळे उघडे ठेवून पाहू शकला असता, आणि प्रत्येक आयोजकाला आपला शब्द बाजारात कितीला धरला जातो ते कळलं असतं. ज्या रकमेची जाहिरात गावभर केली, ती प्रत्यक्षात किती दिली हेही गावभर सांगावं. मान्यता देणाऱ्या संघटनांनी ही अट घातली तर कुठल्याही खेळाडूला गप्प राहण्याच्या करारावर सही करावी लागणार नाही, कारण तसा करार स्पर्धेच्या नियमातच बसणार नाही.